विश्लेषण : कोकणची जुनी बोट ते आजची क्रूझ... लहान जहाजाचा प्रवास इतका महाग का झाला?

चामटोलीला समुद्र नाही. बदलापूर आणि वांगणीच्या मधले हे गाव उल्हास नदीच्या काठाजवळ आहे आणि इथून सर्वांत जवळचे बंदरही लांबच. तरीही २७ जुलै २०१९ रोजी देशभरातल्या वृत्तवाहिन्यांवर चामटोली दिसले ते बोटींमुळेच. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात इथे अडकली. रूळ दिसेनासे झाले आणि सुमारे १,०५० प्रवासी डब्यांत कोंडले गेले. एनडीआरएफच्या रबरी बोटी, नौदलाची पथके आणि गावकरी यांनी दुपारपर्यंत सगळ्यांना बाहेर काढले. त्या बोटी आकाराने इवल्याशा होत्या, पण गुडघाभर पाण्यातही चालत होत्या, आणि त्या दिवशी तेवढेच पाणी पुरेसे होते.

लहान बोट मोठ्या जहाजापेक्षा वेगळी ठरते ती इथेच. तिला पाणी कमी लागते, म्हणून ती जिथे मोठे जहाज जाऊ शकत नाही तिथे पोहोचते. जगभरात सध्या ‘स्मॉल शिप क्रूझ’ या नावाने जे पर्यटन चढ्या दराने विकले जाते, त्याचा पाया हाच. मुंबईत आणि कोकणात मात्र या प्रकारचा प्रवास शंभर वर्षांहून अधिक काळ चालू होता. तो साध्या चाकरमान्यांचा होता, पर्यटकांचा नव्हता. त्याला लोक नुसते ‘बोट’ म्हणत.

लहान जहाज नेमके कशाला म्हणायचे?

याची एकच ठरलेली व्याख्या नाही. क्रूझच्या धंद्यात साधारणपणे काही डझनांपासून काहीशे प्रवाशांपर्यंतच्या जहाजाला लहान म्हटले जाते. पण ‘लहान’ हा शब्द काळानुसार सरकत आला आहे. १९७७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘द लव्ह बोट’ या टीव्ही मालिकेने क्रूझची हौस घराघरात नेली. त्या मालिकेतले ‘पॅसिफिक प्रिन्सेस’ हे जहाज सुमारे २० हजार टनांचे होते आणि त्यावर सहाशेच्या आसपास प्रवासी मावत. तेव्हा ते ऐश्वर्याचे प्रतीक होते. २०२४ मध्ये सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ २ लाख ४८ हजार टनांहून मोठे आहे. खचाखच भरले तर त्यावर ७,६०० प्रवासी मावतात. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची आलिशान क्रूझ आज बाजारात आली, तर तिची जाहिरात ‘आटोपशीर, घरगुती वातावरणाचे जहाज’ अशीच होईल.

भारतातही हा फरक दिसतो. मुंबईहून २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ जहाज गोवा, कोची, लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागले. आपल्याकडे ते ‘मोठी क्रूझ’ म्हणून ओळखले जाते. प्रत्यक्षात ते १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी फ्रान्समध्ये बांधलेले आणि मायामीहून बहामाच्या तीन-चार दिवसांच्या सहलींसाठी वापरलेले जहाज आहे. त्याचे आकारमान सुमारे ४८ हजार टन, म्हणजे ‘आयकॉन’च्या पाचव्या हिश्शाएवढे. जुन्या काळातली क्रूझ कशी होती हे पाहायचे असेल तर त्यासाठी संग्रहालयात जाण्याची गरज नाही. ती बॅलार्ड पिअरवरून अजून सुटते.

पूर्वीची बोट कशी होती?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई ते गोवा या किनाऱ्यावर आगबोटी धावत होत्या. बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन ही त्यातली सर्वांत मोठी कंपनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वदेशीच्या वाऱ्यात एक देशी कंपनीही उभी राहिली. कोकणात तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी संतांची नावे बोटींना होती. पुढे वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीने या किनाऱ्यावर जम बसवला. साठच्या दशकात सिंधियाने ही सेवा थांबवल्यावर चौगुले कंपनी आणि नंतर सरकारी मोगल लाइनने ती चालवली. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे आज साठी ओलांडलेल्या अनेकांच्या तोंडी आहेत.

बोट सकाळी मुंबईचा धक्का सोडे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे. मधले थांबे म्हणजे कोकणचा नकाशाच: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. प्रत्येक बोट प्रत्येक ठिकाणी थांबत नसे, पण किनाऱ्यावरच्या माणसाला आपल्या खाडीच्या तोंडाशी उतरण्याची सोय होती. घाटरस्ते आणि खाड्यांवरचे पूल नसताना देवगडच्या माणसाला मुंबईला जायचे तर कोल्हापूरमार्गे फिरून जाण्यापेक्षा समुद्र सरळ होता.

बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, भोंगा वाजवी आणि किनाऱ्यावरून पडाव निघत. बोटीच्या अंगाला पडाव लागला की खालचा पडाव लाटेवर वर-खाली होई. शिडीवरून त्यात नेमक्या क्षणी पाय टाकायचा. म्हाताऱ्यांना आणि पोरांना खलाशी अक्षरशः उचलून घेत. ट्रंका, वळकट्या, कोंबड्या, सुक्या मासळीच्या करंड्या मागून येत. उन्हाळ्यात उलट दिशेने हापूसच्या पेट्या मुंबईला जात. रात्री उतरायचे असेल तर हे सगळे कंदिलाच्या उजेडात.

बोटीत वर्ग होते. पैसेवाल्यांना केबिन, बाकीच्यांना डेक. डेकचे तिकीट काढणारा माणूस आधी धावत जाऊन चटई किंवा चादर पसरून जागा धरी. रात्रभर तेच अंथरूण आणि तीच बैठक. ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग मराठीत आला तो याच प्रवासातून. त्यावरचा उपाय म्हणून लिंबू, आवळासुपारी किंवा आल्याचा तुकडा कनवटीला असे. भजनी मंडळी भेटली तर रात्र बरी जाई. आजची क्रूझ कंपनी ज्याला ‘डेकवरचे मनोरंजन’ म्हणते त्याचा दर तेव्हा शून्य होता.

जूनमध्ये समुद्र खवळला की बोट बंद. ती पुन्हा सुरू व्हायची पावसाळा ओसरल्यावर. त्यामुळे गणपतीला गावी जाताना बोटीचा भरवसा नसे. बोट गजबजायची ती शिमग्याला आणि मे महिन्यात.

‘रामदास’ने काय शिकवले?

जुन्या बोटीच्या आठवणींत गोडवा भरपूर आहे. त्या गोडव्यात एक तारीख मात्र विसरली जाते: १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना उरला होता. दिवस आषाढी अमावास्येचा, भर पावसाळा. सकाळी ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि तासाच्या आत काशाच्या खडकाजवळ एका बाजूला कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. भारताच्या किनाऱ्यावरच्या सर्वांत मोठ्या प्रवासी दुर्घटनांपैकी ही एक.

बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबई नजरेच्या टप्प्यात असूनही बातमी शहरात पोहोचायला कित्येक तास गेले. जे वाचले त्यांतले बरेच जण रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतल्यामुळे वाचले. याआधी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एकाच वादळात ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी बुडाल्या होत्या, म्हणजे धोक्याची सूचना वीस वर्षे आधी मिळालेली होती.

‘रामदास’ची मापे पाहिली तर त्या काळच्या प्रवासाचा अर्थ कळतो. लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट, म्हणजे साधारण ५५ मीटर बाय ९ मीटर. परवाना हजारावर प्रवाशांचा. आता याच्या शेजारी आजचे एक जहाज ठेवू. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला निघालेली ‘गंगा विलास’ ही नदीतली क्रूझ ६२ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे. तिच्यात १८ खोल्या आहेत आणि प्रवासी ३६. जवळपास त्याच आकाराच्या सांगाड्यात एकेकाळी हजार माणसे बसवली जात आणि आज छत्तीस बसतात. लहान जहाजाच्या दराचे बरेचसे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मग बोट बंद का पडली?

रस्त्याने मारली, असे एका वाक्यात सांगितले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. मुंबई-गोवा महामार्ग, खाड्यांवरचे पूल आणि एसटीची रातराणी यांनी माणसाला थेट वाडीच्या तिठ्यावर उतरवायला सुरुवात केली. बोटीने बंदरात उतरून पुढे बैलगाडी किंवा होडी शोधण्याचे कारण उरले नाही. त्यात बारा महिन्यांपैकी चार महिने सेवा बंद, जहाजांच्या दुरुस्तीचा वाढता खर्च आणि गाळाने उथळ होत गेलेली खाड्यांची मुखे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई-गोवा बोट बंद झाली. नव्वदच्या दशकात ‘दमानिया’ची वेगवान कॅटमरान मुंबई-पणजी मार्गावर काही वर्षे धावली. ती दिवसाउजेडी गोव्याला पोहोचवत असे, पण मधल्या बंदरांना तिचा उपयोग नव्हता. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि प्रश्नच मिटला.

क्रूझ आली, थांबे गेले

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली तेव्हा अनेकांना जुनी बोट परत आल्यासारखे वाटले. नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून. जहाज १३१ मीटर लांब, सुमारे चारशे प्रवाशांचे. जागतिक हिशेबाने लहान जहाजच. संध्याकाळी मुंबई सोडून सकाळी गोव्यात. पोहण्याचा तलाव, उपाहारगृहे, वातानुकूलित खोल्या असे सगळे होते. पण रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण हे दिवे प्रवाशांनी लांबून पाहायचे. २०२० च्या करोनानंतर ही सेवा परत उभी राहिली नाही.

‘एम्प्रेस’चेही तेच. कोकणचा जवळपास अख्खा किनारा डाव्या हाताला ठेवून ती खाली जाते. तिचा यात दोष नाही. पाण्याखाली सात मीटरच्या आसपास बसणारे जहाज मालवणच्या खडकाळ बंदरात शिरू शकत नाही. लक्षद्वीपला अगत्तीजवळ ते बाहेरच थांबते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून बेटावर नेले जाते. समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्द. पडावातून उतरलेल्या आजीला हे दृश्य ओळखीचे वाटेल, फक्त आता अंगात नारिंगी लाइफ जॅकेट असते.

मोठ्या जहाजावर जहाज हेच ठिकाण असते. जेवण, नाच, जादूचे प्रयोग, कॅसिनो, मुलांचे खेळ यांसाठी लोक येतात आणि कंपनीची बरीच कमाई तिकिटाबाहेरच्या याच खर्चातून होते. लहान जहाजावर उलट. तिथे करमणूक बेताची, पण रोज वेगळ्या बंदरात उतरायला मिळते. या पद्धतीचा आधुनिक जन्म १९६९ चा मानतात. त्या वर्षी लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’ हे सुमारे शंभर प्रवाशांचे जहाज खास अंटार्क्टिकासारख्या दुर्गम भागांसाठी बांधून घेतले. आज अंटार्क्टिकात पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाला कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही आणि एका वेळी शंभरपेक्षा जास्त पाहुणे जमिनीवर असता कामा नयेत, असा नियम आहे. तिथे लहान असणे ही हौस राहिलेली नाही, ती प्रवेशाची अट आहे.

लहान जहाज महाग का?

जहाज लहान असो वा मोठे, त्यावर कप्तान लागतो, मुख्य अभियंता लागतो, विमा, बंदराचे शुल्क आणि जहाजाची ठरावीक मुदतीने होणारी तपासणी टळत नाही. मोठ्या जहाजावर हा खर्च दोन-तीन हजार माणसांत वाटला जातो, लहानावर पन्नासांत. ‘गंगा विलास’वर प्रवाशांइतकेच जवळपास कर्मचारी आहेत. सुरुवातीला तिचा जाहीर झालेला दर माणशी दिवसाला २५ हजार रुपयांच्या घरात होता आणि पहिल्या ५१ दिवसांच्या, सुमारे ३,२०० किलोमीटरच्या फेरीत स्वित्झर्लंडचे पर्यटक होते. जुन्या बोटीचे गणित वेगळे होते. तिथेही कप्तान एकच होता, पण खर्च डेकवरच्या हजार वळकट्यांत वाटला जाई. तिकीट स्वस्त होते ते गर्दीमुळे, आणि जीव जायचे तेही बऱ्याचदा गर्दीमुळेच.

म्हणून ‘पूर्वी गरिबाला परवडणारा प्रवास आता श्रीमंतांनी पळवला’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. तो प्रवास ज्या किमतीत मिळत होता त्या किमतीत सुरक्षितता धरलेली नव्हती. ‘टायटॅनिक’नंतर १९१४ मध्ये समुद्रातल्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण दगावल्यानंतर, जहाज सुटण्याआधीच किंवा सुटताच प्रवाशांची आपत्कालीन कवायत घेण्याचा नियम आला. प्रत्येक माणसामागे जॅकेट, जीवरक्षक नौकेत जागा, वायरलेस आणि प्रशिक्षित खलाशी या सगळ्याचे पैसे तिकिटात येतात. ते यायलाच हवेत. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा तासाभराच्या फेरीतही जॅकेट का हवे हे मुंबईला पुन्हा कळले.

कोकणात लहान जहाज परत येईल का?

हालचाल आहे. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्या नेणारी रो-रो सेवा चालू आहे. सुमारे तासाभरात अलिबागचा किनारा येतो. २०२५ मध्ये मुंबई ते जयगड आणि विजयदुर्ग अशा वेगवान रो-रो बोटीची घोषणा झाली, चाचणीची फेरीही झाली. पाच तासांच्या आसपास विजयदुर्ग, असे तेव्हा सांगण्यात आले. केंद्राचे ‘क्रूझ भारत मिशन’ ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतच जाहीर झाले आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले.

यातला एक मुद्दा नजरेआड होऊ नये. टर्मिनल बांधले जाते ते मोठ्या जहाजासाठी. लहान जहाजाला लागणारी गोष्ट साधी आहे: भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का, गाळ काढलेली वाट, उतरल्यावर स्वच्छतागृह आणि पुढे न्यायला रिक्षा. हर्णै, दाभोळ, देवगड, वेंगुर्ला या ठिकाणी हे बारा महिने टिकेल असे झाले, तर शंभर-दीडशे प्रवाशांचे जहाज पाच रात्रींत अख्खा कोकण दाखवू शकते आणि प्रत्येक थांब्यावर खानावळ, होडीवाला, गाइड यांच्या हातात पैसे पडतात. मोठी क्रूझ मालवणसमोरून जाते तेव्हा मालवणात एक कपभर चहाही विकला जात नाही. पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत जहाज रिकामे ठेवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र जुन्या कंपन्यांनाही सुटला नव्हता आणि आजही तो तसाच आहे.

चामटोली-बदलापूरहून जायचे असेल तर?

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात कोकणातून येऊन स्थिरावलेली घरे पुष्कळ आहेत आणि क्रूझच्या जाहिराती आता त्यांच्याही मोबाइलवर येतात. आरक्षण करण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. जाहिरातीतल्या दरात बंदर शुल्क, कर आणि टिप धरली आहे का? खोली खिडकीची आहे की आतली? स्वस्त दर बहुधा बिनखिडकीच्या खोलीचा असतो. बंदरात जहाज धक्क्याला लागते की होडीतून उतरावे लागते? गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना नेणार असाल तर हा प्रश्न सर्वांत आधी. हवामानामुळे एखादा थांबा रद्द झाला तर पैसे परत मिळतात का? आणि पहिल्यांदाच जात असाल तर मोठे जहाज कमी हलते, हे लक्षात ठेवावे. लहान जहाजात मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागून घेतली तर बोट कमी लागते.

बॅलार्ड पिअरसाठी बदलापूरहून सीएसएमटी लोकल सोयीची. पुढे टॅक्सीने काही मिनिटे. भाऊच्या धक्क्यासाठी भायखळ्याला किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून टॅक्सी घ्यावी, नाहीतर कुर्ल्याला हार्बर मार्गावर बदलून डॉकयार्ड रोड गाठावे. क्रूझचे चेक-इन जहाज सुटण्याच्या बरेच आधी बंद होते आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. सामान घेऊन गर्दीच्या वेळी लोकलने निघणे टाळावे आणि रविवारची फेरी असेल तर आदल्या दिवशी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठे आहे ते पाहून ठेवावे.